एक हात मागे

सासऱ्यांचा डावा हात पाठीमागे होता. टेबलाशी स्टुलावर चढून उभ्या असलेल्या नातीचाही डावा हात पाठीमागे होता. आणि दारात उभ्या सुनेचा उजवा. त्यात पाळणाघराचा फॉर्म होता.

"उभी का? बस की," सासरे मान वर न करता म्हणाले. "स्टूल भिंगरीने बळकावलंय. तू त्या टीव्हीवर बस. नाहीतरी त्याच्यात आता काही बघण्यासारखं राहिलेलं नाही."

टीव्हीतले दोन स्पीकर जुन्या कपाटाच्या दोन खणांत जाऊन बसले होते. मधे टेपरेकॉर्डरमधून काढलेला अँप्लिफायर. त्याला वीज पुरवायला एका मोडीतल्या कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी. रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद करून सासऱ्यांना सहा वर्षं झाली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

"परवापर्यंत होतात बघ. सोमवारपासून तू पुन्हा ऑफिसला जायला लागलीस की आम्ही दोघं कॉम्प्युटरवर गाणी लावणार. काय गं भिंगरी?"

"मोठ्ठ्याने!"

भिंगरीला तीन पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते.

सून टीव्हीवर बसली नाही. बसली असती तर तिच्याने उठवलं नसतं, इतकी ती दमली होती. आठवडाभर ती एकच वाक्य मनात जुळवत होती आणि मोडत होती. नवऱ्याने सकाळी बूट घालता घालता अंग काढून घेतलं होतं. "तूच सांग बाबांना. माझ्याने नाही होणार." मागच्या महिन्यात सासऱ्यांकडून दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा बाहेरचं दार सताड उघडं. तिने तिन्ही वेळा मुकाट्याने बंद केलं होतं, आणि तेव्हापासून घरात ती कानांनीच वावरत होती.

सासऱ्यांनी प्लग उपटला, पेटीचं झाकण काढलं. आत अंगठ्याएवढे दोन कंडेन्सर शेजारी शेजारी उभे होते.

"प्लग काढला तरी यांच्या पोटात वीज राहते," ते नातीला म्हणाले. "म्हणून हात लावायच्या आधी काय करायचं?"

"झोपवायचं."

"आणि एक हात मागे का?"

"दोन्ही हात लावले की वीज या हातातून शिरते," भिंगरीने श्वास घेतला, "छातीतून जाते, मग आबा धाडकन!"

"शाबास."

त्यांनी बल्बच्या दोन वायरी पहिल्या कंडेन्सरच्या पायांना टेकवल्या. बल्ब लख्खकन पेटला आणि विझला.

"झोपला," भिंगरी म्हणाली.

"बाबा, जरा बोलायचं होतं."

"बोल की."

"सोमवारपासून भिंगरीला..."

"हो, ते सांगून ठेव मला. जेवायला कधी घालायचं, झोपवायचं कधी. नाहीतर एक काम कर, भिंतीवर लिहूनच लाव. म्हणजे विसरायची भानगड नको." ते स्वतःशीच हसले. बोलता बोलता बल्ब त्यांनी बाजूला ठेवला होता. एका वायरीचा सुटलेला टाका चाचपायला बोट पेटीत चाललं होतं.

सुनेची नजर मुलीच्या हातांवर होती. म्हाताऱ्याच्या हाताकडे तिने पाहिलंच नाही.

"आबा," भिंगरी म्हणाली, "तो जागा आहे."

बोट थांबलं.

सासऱ्यांनी सावकाश हात मागे घेतला. बल्ब उचलला. वायरी दुसऱ्या कंडेन्सरला टेकवल्या.

बल्ब लख्खकन पेटला आणि विझला.

सासरे विझलेल्या बल्बकडे बघत राहिले.

"बघितलंस? पोरीचं लक्ष आहे," ते शेवटी म्हणाले. "माझ्यापेक्षा."

सुनेला हो म्हणणंही वाईट, नाही म्हणणंही.

भिंगरीने वळून पाहिलं. "आईचा पण हात मागे!"

तेव्हा कुठे सासऱ्यांनी मान वर केली. सुनेच्या कमरेमागून कागदाचा पिवळा कोपरा डोकावत होता. त्यांनी तो पाहिला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते नातीला म्हणाले. "शहाणी आहे तुझी आई. झटका बसेल असं वाटलं की एक हात मागेच ठेवावा."

"बाबा, तसं नाही हो..."

"तसंच आहे. आण इकडे."

तिने फॉर्म पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला. सगळं भरून झालं होतं, तिच्या नीटस अक्षरात. खालची एकच ओळ रिकामी होती.

"मुलीला न्यायला कोण येणार? हे का नाही भरलंस?"

"ठरलं नव्हतं."

"सोडतात किती वाजता?"

"साडेपाचला."

"आणि तू यायची सातला." त्यांनी फॉर्म टेबलावर टेकवून खिशातून पेन काढलं. "मी जाईन आणायला. तेवढं जमेल. रस्त्यात काही उघडून बघायचं नसतं."

सुनेने फॉर्म परत मागितला नाही.

सासऱ्यांनी स्पीकरचा खण सरकवून टेबलावर जागा केली आणि रिकाम्या ओळीवर सही करू लागले. कागद पेनाबरोबर सरकत होता. डावा हात अजून पाठीमागेच होता. भिंगरी स्टुलावरून वाकली आणि तिने कागद दाबून धरला, एकाच हाताने.