नव्या पद्धतीची गोष्ट

शाळा तपासायला आलेले संस्थानचे दिपोटी बळवंतराव कालपासून पाड्यावर मुक्कामाला होते. आज त्यांनी मुलांना पुण्याहून शिकून आणलेला भाषेचा नवा खेळ सांगितला. गोष्टीतलं एक वाक्य एकाने बोलायचं, पुढचं दुसऱ्याने जोडायचं. "पोरांना कल्पना लढवता आली तर शाळा राहील, नाहीतर बंद," असं त्यांनी मास्तरांना आधीच बजावलं होतं.

"एक कोल्हा पाड्यावर आला," साहेबांनी सुरुवात केली.

"तेनं कोंबडी मागली," माघ्या म्हणाला.

"आयस बोलली, नको, ती कालच अंड्यांवर बसलीय," तानीने जोडलं.

"तं कोल्हा बोलला, मंग ती अकरा अंडी पण दे!" बाळ्या ओरडला.

मुलं खिदळली. मास्तरांनी मान खाली घातली.

"पुढे?" साहेबांनी ढेकर दाबत विचारलं.

लाडकी उभी राहिली. "मंग पोट भरल्यावर कोल्हा साळंत आला, आन् आमाला बोलला, गोष्ट सांगा."

 

साहेबांनी तपासणीच्या वहीत शेरा लिहिला: "मुलांना कल्पना लढवता येत नाही. नुसतं घडलेलं सांगतात."