लाल पट्टी

चिखलदऱ्याच्या उन्हाळी शिबिरात मुलं नाश्त्याला बसली होती, तेवढ्यात नऊ वर्षांच्या मैथिलीच्या मानेवरची पट्टी लाल झाली. ताप चढण्याच्या आदल्या दिवशीच ही पट्टी साथीचा आजार ओळखायची, म्हणून ती लावल्याशिवाय कुठल्याच मुलाला शिबिरात प्रवेश नव्हता.

"लाल! लाल!" कोणीतरी किंचाळलं. ताटं उलटली. मैथिली रडत मैत्रिणींकडे धावली, तर त्यांनी तिला काठीने मागे ढकललं. मग पहिला दगड आला. तो तिच्या कानशिलावर बसला आणि ती कोसळली. त्यापाठोपाठ दगडांचा नुसता मारा सुरू झाला.

शिबिरप्रमुख दमयंती लोखंडे धावत आल्या आणि मुलीवर ओणव्या झाल्या. "थांबा! मरेल ती!" एका दगडाने त्यांची भुवई फुटली, तरी कुणी थांबेना. शेवटी त्यांनी तोंडावरचा मास्क ओढून काढला, रक्ताने माखलेल्या मैथिलीला छातीशी धरलं आणि त्या थेट मुलांच्या अंगावर चालून गेल्या. मुलं वाट फुटेल तिकडे पळाली.

विलगीकरणाच्या तंबूत त्या तिची जखम पुसत होत्या. "पहिला दगड कुणी मारला गं? पाहिलंस?"

"दादाने."

तिचा थोरला भाऊ ईशान याच शिबिरात होता. दमयंतीबाई कापूस खाली ठेवून उठू लागल्या.

"त्याला रागावू नका, बाई," मैथिली म्हणाली. "आईची पट्टी लाल झाली, तेव्हा बाबांनी तिला असंच दगड मारून घराबाहेर काढलं होतं. दादाला वाटतं, असंच करायचं असतं."