किल्ल्यावरची पायरी

“फिरायला गेला असताना पडलात ना?” विमा कंपनीतली मुलगी पुण्याहून विचारत होती. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून माझ्या मुलानं, निनादनं, फोन माझ्या कानाशी धरला होता. हो म्हण, असं तो मानेनं सारखं सुचवत होता.

प्रागला येऊन मला तीन महिने होत आले होते. निनाद नोकरीवर, सून नोकरीवर. स्वयंपाक, भांडी, बाळ सगळं माझ्याकडे. इमारतीला लिफ्ट नाही. नातवाची बाबागाडी चौथ्या मजल्यावरून उतरवताना मी जिन्यात पडले. पण विमा पर्यटकाचा होता. घरकामात हात मोडला हे कळलं तर हॉस्पिटलचं बिल आपल्या गळ्यात पडेल, असं निनाद सकाळपासून बजावत होता.

“हो,” मी म्हणाले. “किल्ला बघायला गेले होते. पायरी चुकली.”

“फोटोत पाहिलाय मी तो. छान आहे ना?”

“फार सुंदर,” मी म्हणाले. मला तो खिडकीतूनसुद्धा कधी दिसला नव्हता.

फोन ठेवून निनाद हसला. “सुटलो एकदाचे. आई, जरा चहा टाकतेस? डाव्या हातानं जमेल ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या हातानं मी खुंटीवरचा कोट ओढला.

“बाळाला घे. बाबागाडी तू उतरव,” मी म्हणाले. “आणि आधी मला तो किल्ला दाखव. खोटारडी होऊन मी विमानात बसणार नाही.”