मधली खाच

"आधी नाव झाक," सर दारातूनच म्हणाले.

"झाकलंय," चिमणी म्हणाली.

दिव्याच्या काचेवर मेंदूच्या एमआरआयची फिल्म लावली होती आणि कोपऱ्यातल्या नावावर पांढरी चिकटपट्टी होती. तीस वर्षं झाली, तरी सरांचा नियम तोच. नाव दिसलं की डोळा दयामाया करतो, मग तो डोळा कसला!

आता सर निवृत्त होते आणि ती क्ष-किरण विभागाची प्रमुख. पण या खोलीत ती अजून त्यांची चिमणीच. फिल्मवर मेंदूच्या खाचांच्या रेघा तिच्याइतक्या सुबक कुण्णी काढल्या नव्हत्या. सर आपल्या जुन्या खुर्चीत बसले.

तिने डाव्या हाताने चहा पुढे केला. सरांच्या हातात कपबशी खडखडली.

"दोन सर्जन भांडतायत, सर. गाठ मधल्या खाचेच्या मागे असेल तर उजवा हात वाचेल."

"आणि पुढे असेल तर गेला." सरांनी चष्मा पुसला. "माझीच फिल्म नाही ना गं? कंप बघतेस ना माझा?"

"काहीतरीच काय!" ती हसली, पण जरा उशिराच.

सर फिल्मजवळ वाकले. "काय शिकवलं होतं? वरची लांब खाच धरून मागे यायचं. ती जिला जाऊन धडकते, तिच्या मागची ती मधली. तिला घोड्याच्या नालासारखं वळण असतं. त्याच्या पुढच्या घडीत हात हलवणारी जागा असते." त्यांनी मेणाची पेन्सिल तिच्यापुढे धरली. "काढ रेघ."

"आज तुम्हीच काढा."

"आळशी झालीस हां, साहेबीण!"

सरांची रेघ वेडीवाकडी आली, पण गाठीच्या मागूनच गेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गाठीने खाच मागे ढकललीय, म्हणून गाठ मागे म्हणणारा तो शहाणा सर्जन चुकला. गाठ पुढेच आहे. हात जाणार. जीव वाचेल, पण ऑपरेशनला थांबू नका. माणूस काय काम करतं?"

"तुमच्यासारखंच. पेन्सिल धरतं."

"अरेरे! तरी आजच स्पष्ट सांग त्या माणसाला. गोड बोलून फसवू नकोस."

"तुम्ही सांगितलंत की, सर," चिमणी म्हणाली आणि डाव्या हाताने तिने स्वतःच्या नावावरची पट्टी सोलून काढली.