पहिल्या नवऱ्याचं ताट

काही झालं तरी यंदा त्या ताटाला हात लावायचा नाही. मॅलकी शेकोटीकडे पाठ करून बसला. पण नाकाला कुठे पाठ असते? कोबी-कांदा घालून कुटलेला वाफाळता बटाटा, मधोमध लोण्याचं तळं, शेजारी बेकनचा जाडजूड तुकडा. आणि हे सगळं कॉर्मकसाठी! कॉर्मक म्हणजे त्याच्या बायकोचा पहिला नवरा. तो केव्हाच मातीआड गेला होता.

हॅलोवीनच्या संध्याकाळी मेलेली माणसं घरी येतात. म्हणून दार नुसतं लोटून ठेवायचं, शेकोटीजवळ खुर्ची मांडायची, ताट वाढायचं. आयर्लंडात, रॉसकॉमनकडे जुन्या घरांत असं चालतंच. मॅलकीची खुर्चीला हरकत नव्हती, ताटाला होती. जिवंत नवऱ्याला वर्षभर उकडलेले बटाटे आणि मेलेल्याचे हे लाड! तशी त्याची बायको डिम्फना सुरुवातीला त्याच्यासाठीही हौसेनं रांधायची. पण पहिला घास घेण्याआधीच हा विचारायचा, "कॉर्मकलाही असंच करून घालायचीस का गं?" आणि ताट पुढे ढकलायचा. शेवटी तिनं नाद सोडला.

लग्नानंतरच्या पहिल्याच हॅलोवीनला ती गावच्या सभागृहात मुलांच्या सोंगांना बक्षिसं द्यायला गेली, आणि मॅलकीनं रागारागानं मेलेल्याचं ताट फस्त केलं. त्याला वाटलं, बरी जिरवली. डिम्फना परतली, रिकामं ताट पाहिलं आणि अशी काही खुलली! "आला होता बरं का कॉर्मक. चाटूनपुसून खाल्लंय." आता खरं सांगायची सोय नव्हती. पुढच्या वर्षीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. खायचं यानं, नाव व्हायचं त्याचं. जिवंतपणी ज्याच्या शेजारी पबमध्ये कुणी बसत नसे, त्या कॉर्मकसाठी बायका आता उसासे टाकू लागल्या. 'बायकोवर केवढा जीव!'

यंदा मात्र मॅलकीला उशिरा का होईना, अक्कल आली. या मुडद्याला आपणच पोसतोय. एकदा ताट भरलेलं राहू दे, म्हणजे कॉर्मक कायमचा मरेल आणि या घरात नवरा एकच उरेल.

दारावर थाप पडली. प्लॅस्टिकचं नाक लावलेली एक चिमुरडी चेटकीण उभी होती. मॅलकीनं तिच्या पिशवीत सफरचंद टाकलं.

"चॉकलेट नाहीये का, आजोबा?"

"आम्ही तोंडाला काजळी फासून गावभर नाचायचो, तेव्हा कुठे एक सफरचंद मिळायचं."

"अरेरे," ती म्हणाली आणि आत डोकावली. "ते कुणाचं?"

"मेलेल्या माणसाचं."

"त्याला सांगा, गार होतंय." ती समोरच्या घराकडे पळाली. तिथे कुंपणावर टांगलेला सांगाडा बटण दाबलं की खदाखदा हसायचा. मेलेल्यांची असली चेष्टा मॅलकीला एरवी खपत नसे. आज त्याला तो सांगाडा चांगलाच आवडला.

डिम्फना सभागृहातून आली ती कोट न काढताच शेकोटीपाशी गेली. लोणी थिजलं होतं. बटाट्याला साधा चमचाही लागला नव्हता. तिचा चेहरा उतरला. मॅलकीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"काय गं, आला नाही वाटतं तुझा कॉर्मक?"

"कॉर्मक?" ती वळली. "तो बाबा जिवंत असताना कधी वेळेवर जेवायला घरी आला नाही, तो मेल्यावर येणार होय?"

मॅलकीचं तोंड उघडंच राहिलं. "मग हे ताट..."

"समोर वाढलं की नाक मुरडतोस, चोरून मिळालं की बोटं चाटतोस. वर्षातून एकदा तरी माझ्या हातचं धड काहीतरी तुझ्या पोटात जावं, म्हणून त्याचं नाव घेत होते." तिनं ताट उचललं आणि परसातलं दार उघडून कुत्र्याला हाक मारली. "यंदा तुला भूक नाही, हे आधी सांगायचं होतंस. एवढं लोणी तरी वाया घातलं नसतं."