वीस टनांच्या आत

टोइंगच्या गाडीने दयारामचा ट्रक पुढून उचलला, तसं विनेशने पुन्हा एकदा विचारलं, "आत बर्फच हाय ना? किती?"

"पाच टन. होड्यांसाठी चाललाय," दयाराम म्हणाला. "काट्यावर घालून बघा की."

विनेशला बरं वाटलं. वजनकाट्याचं नाव काढलं की गाडीवाले तोंड वाकडं करतात, आणि हा बाबा स्वतःहून म्हणत होता. क्लच गेला म्हणून त्याने फोन केला, तोही जवळचा क्रेनवाला सोडून थेट विनेशला. तुमचं नाव ऐकलंय, म्हणाला होता. पांढऱ्या बंद ट्रकच्या मागच्या दाराखालून पाणी ठिबकत होतं.

चौलमध्ये विनेशला सगळे 'कायदेवाला' म्हणून चिडवायचे. चिडवणाऱ्यांचं काय जातं? गेल्या वर्षी कागद न बघता त्याने एक टँकर ओढला. वजन जास्त निघालं आणि परवाना निलंबित झाला. दोन महिने टोइंगची गाडी दारात उभी होती आणि रचना, त्याची बायको, बाजारात सुकट विकून चूल पेटवत होती. पुन्हा केस झाली तर परवाना कायमचा जाणार होता. तेव्हापासून काटा केल्याशिवाय विनेश खाडीपूल चढत नसे.

पुलाच्या पाटीवर वीस टन लिहिलेलं होतं. ओढणारी आणि ओढली जाणारी, दोन्ही गाड्या मिळून. पाटी सगळेच पाहतात, पण बेरीज करणारा विनेश एकटाच. नाक्यावरच्या काट्यावर आकडा वीसच्या जेमतेम आत आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

पुलाच्या तोंडाशी चौकी होती. खाडीतून चोरून उपसलेली रेती पकडायला ती नवीनच बसवली होती. पुढच्या टेम्पोतल्या कांद्याच्या गोणीही हवालदार गणराजनी खाली उतरवून घेतल्या आणि आत लोखंडी सळई खुपसून पाहिली. टेम्पोवाला कपाळाला हात लावून बसला होता.

विनेशने परवाना, विमा, काट्याची चिठ्ठी असं सगळं न मागता पुढे केलं. सगळे तुझ्यासारखे असते तर मला इथे उन्हात उभं राहायला लागलं नसतं, असं म्हणत गणराजनी कागद परत दिले आणि सवयीने सळई घेऊन ते ट्रकच्या मागे निघाले.

पुढून उचलल्यामुळे आतला माल सगळा दारावर रेलला असणार. दार उघडलं आणि लाद्या रस्त्यावर आल्या तर पूल अडणार, आणि केस कोणाच्या नावावर? विनेश धावतच मागे गेला.

"साहेब, दार नका उघडू. बर्फ हाय, सगळा मागं आलाय. माझ्या शब्दावर सोडा."

गणराजनी ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, मग विनेशकडे.

"तू सांगतोस म्हणजे बघायचं काय?" त्यांनी सळई खाली केली.

टोइंगच्या केबिनमध्ये दयाराम समोर बघत बसून होता.

पूल ओलांडल्यावर पहिल्याच वळणाला त्याने गाडी थांबवायला सांगितली. मेकॅनिक इथेच येणार होता म्हणे. विनेशने ट्रक खाली टेकवला, साखळ्या सोडल्या. तेवढ्यात रचनाचा फोन आला. पूल झाला का, कोणी अडवलं तर नाही ना, असं तिने घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

"झाला. एक किलो जास्त न्हाय," विनेश म्हणाला. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्याचे हात ग्रीसने बरबटले होते. बर्फाच्या गार पाण्यात धुवावेत म्हणून तो मागच्या दाराशी गेला आणि त्याने ओंजळ धरली. पाणी कोमट होतं. हात चोळले, तर तळव्यांत बारीक काळी रेती करकरली.

पुढे दयारामने चावी फिरवली आणि ट्रक पहिल्याच फटक्याला सुरू झाला.