दारापर्यंतचा तुकडा

मिलिंदला शिकायला जळगावात धाडलं, तेव्हा होस्टेलच्या दारापर्यंत सोडायला द्रौपदाअक्काच आली होती. त्याची प्रयोगशाळा मात्र ती आज पहिल्यांदा बघत होती. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, मांडीवर भडगावहून आणलेली केळ्यांची फणी.

"हे यीस्ट," काचेची बाटली हलवत तो बहिणीला सांगू लागला. "औषधाचं प्रोटीन तयार करतं, पण आतच धरून बसतं. म्हणून मी त्या प्रोटीनच्या पुढे यीस्टच्याच घरचा एक छोटा तुकडा जोडला. तो तुकडा त्याला दारापर्यंत आणतो, मग ते बाहेर पडतं."

"मंग त्या तुकडानं काय व्हस?"

"तो दारातच कापला जातो. चिकटून राहिला, तर बाहेर प्रोटीनला काही किंमत नाही. माझी सगळी धडपड तो नीट कापला जावा, यासाठीच."

अक्काने मान डोलावली.

तेवढ्यात मिलिंदचे सर पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आत आले. अक्काकडे बघून त्यांनी विचारलं, "मिलिंद, या कोण?"

मिलिंदने अक्काच्या लुगड्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे. शब्द आतच राहिला.

अक्का उठली. "मी केळीवाली शे, साहेब." फणीतली केळी तोडून तिने एकेकाच्या हातावर ठेवली. शेवटी मिलिंदसमोरही एक धरलं.

"ल्या साहेब, तुम्हीबी."

मिलिंदने हात पुढे केला.